०.२ मिमी पितळेच्या पत्र्यातून एन्कोडरची चकती: फोटो एचिंग सुरुवातीपासून शेवटपर्यंत

पातळ पत्र्यातून बारीक भोकांचा पार्ट काढायचा असला की बहुतेक जण आधी लेझरवाल्याकडे जातात नाहीतर वायरकटवाल्याकडे, आणि ०.२ मिमीचा पत्रा, त्यात साठ खाचा, नग फक्त वीस असं सांगितलं की समोरचा माणूस एकतर रेट असा लावतो की आपण गप्प बसतो किंवा सरळ नाही म्हणतो. प्रेस टूल बनवायचं तर वीस नगांसाठी डायचा खर्च कोण करणार. अशा कामासाठी फोटो एचिंग ही पद्धत फार चांगली आहे आणि आपल्याकडे छोट्या वर्कशॉपमध्ये ती जितकी वापरली जायला हवी तितकी वापरली जात नाही असं मला मनापासून वाटतं. पीसीबी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सचं सर्किट बोर्ड, घरी बनवणाऱ्यांना यातलं अर्धं आधीच येतं, कारण केमिस्ट्री तीच आहे, फक्त तिथं ३५ मायक्रॉनचा (०.०३५ मिमी) तांब्याचा थर खायचा असतो आणि इथं अख्खा पत्रा आरपार खायचा असतो. फरक तिथूनच सुरू होतो.

थोडक्यात प्रोसेस अशी: पत्रा साफ करायचा, दोन्ही बाजूंना प्रकाशाला संवेदनशील अशी फिल्म (हिलाच ड्रायफिल्म किंवा रेझिस्ट म्हणतात) चिकटवायची, त्यावर ड्रॉइंगची फिल्म ठेवून यूव्ही लाइट द्यायचा, जिथं लाइट लागला तिथला थर कडक होतो, बाकीचा धुऊन काढायचा, मग उघडा पडलेला धातू फेरिक क्लोराइडने खाऊन टाकायचा आणि शेवटी उरलेला थर काढायचा. पार्टला बर (कापताना कडेला उठणारी धार) येत नाही, उष्णता लागत नसल्याने पत्र्याचा टेम्पर, म्हणजे कडकपणा, तसाच राहतो, कडा वाकत नाहीत. भोकं दहा असोत की दहा हजार, वेळ तेवढाच लागतो कारण सगळी एकदमच खाल्ली जातात. जुन्या सीआरटी टीव्हीच्या पडद्यामागची लाखो भोकांची जाळी अशीच बनायची, शेव्हरची जाळी, आयसीच्या आतली लीडफ्रेम, मोबाइलमधली शिल्डिंग, रेल्वे मॉडेलवाल्यांचे पितळेचे किट हे सगळं याच पद्धतीने होतं. आणि छापखान्यातली जुनी माणसं भेटली तर विचारा, ऑफसेट येण्याआधी वर्तमानपत्रात फोटो छापायला ब्लॉक करावा लागायचा, तो ब्लॉकमेकर हेच करायचा, जस्ताचा पत्रा, त्यावर बायक्रोमेटचा थर, निगेटिव्हमधून प्रकाश, मग नायट्रिक ॲसिड, आणि तांब्याचा हाफटोन असेल तर फेरिक. फेरिक क्लोराइड तर त्याही आधीचं आहे, इंग्लंडमध्ये टॅल्बटने १८५८ साली फोटोवरून एन्ग्रेव्हिंग करायला तेच वापरलं होतं.

आता या लेखात मी एकच पार्ट धरून चालतो म्हणजे आकडे हवेत राहणार नाहीत. पार्ट असा: एन्कोडरची (शाफ्ट किती फिरला ते मोजणाऱ्या उपकरणाची) चकती, ०.२ मिमी हाफ हार्ड पितळ, बाहेरचा व्यास ४० मिमी, मधलं भोक ६ मिमी, कडेला ६० खाचा, प्रत्येक खाच ०.८ मिमी रुंद आणि ४ मिमी लांब, खाचांचा मध्य १७ मिमी त्रिज्येवर. तिथं परीघ साधारण १०६.८ मिमी येतो, साठने भागला तर पिच, म्हणजे एका खाचेपासून पुढच्या खाचेपर्यंतचं अंतर, १.७८, म्हणजे दोन खाचांमध्ये जवळजवळ एक मिमी धातू उरतो. हे जमण्यासारखं आहे का हे आधी बघायचं. ढोबळ नियम असा की आरपार भोक किंवा खाच पत्र्याच्या जाडीच्या निदान १.१ ते १.२ पट हवी, दोन खाचांमधली पट्टी निदान जाडीइतकी हवी, आतल्या कोपऱ्याला साधारण जाडीइतकं रेडियस येतंच येतं. आपल्या चकतीत सगळं आरामात बसतं. टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, चांगल्या स्प्रे मशिनवर जाडीच्या १० टक्के प्लस मायनस धरतात, अगदी पातळ पत्र्यालाही ०.०२५ च्या खाली सहसा कोणी कबूल करत नाही. आपल्या बुडबुड्यांच्या टाकीत (हवेचे बुडबुडे सोडून फेरिक ढवळायची साधी टाकी) मी ०.०५ धरूनच ड्रॉइंग करतो, त्याहून बारीक मागणी असेल तर काम घेऊ नये.

फिल्मचं ड्रॉइंग, म्हणजे खरं काम

ॲसिडच्या टाकीत पत्रा पंधरा वीस मिनिटं असतो पण माप ठरतं ते कॉम्प्युटरवर. फेरिक फक्त खाली खात नाही, आडवंही खातं. थराच्या खाली शिरून कडा आत सरकते, याला अंडरकट म्हणतात. किती खोल गेलं भागिले किती आडवं गेलं हा आकडा म्हणजे एच फॅक्टर, आणि तो टाकीप्रमाणे, द्रावणाप्रमाणे, ढवळण्याप्रमाणे बदलतो, साधारण १ ते ३ च्या मध्ये कुठंतरी, साध्या टाकीत तो १ च्या जवळच धरा. दोन्ही बाजूंनी एच करतोय म्हणजे प्रत्येक बाजूने ०.१ मिमी खोल जायचंय, माझ्या टाकीत तेवढ्यात कडा साधारण ०.०८ सरकते. मग फिल्मवर काय काढायचं? खाच ०.८ हवी तर दोन्ही कडांचे ०.०८ वजा, फिल्मवर ०.६४. लांबी ४ ची ३.८४. मधलं भोक ६ चं ५.८४. बाहेरचा व्यास मात्र उलटा, तो खाल्ला जाऊन लहान होणार म्हणून ४० चा ४०.१६. भोकं लहान काढायची, बाहेरची कड मोठी काढायची, एवढं डोक्यात पक्कं बसलं पाहिजे, कॅडमध्ये ऑफसेट देताना एकदा चिन्ह उलटं पडलं की चूक दुप्पट होते.

माझे ०.०८ तुमच्या कामाचे नाहीत हेही लक्षात घ्या. तुमचा आकडा तुम्हालाच काढावा लागेल, आणि तो काढायला एक टेस्ट कूपन करायचं. त्याच पत्र्याचा तुकडा, फिल्मवर ०.३, ०.४, ०.५, ०.६, ०.८ आणि १.० मिमी रुंदीच्या खाचा, काही आडव्या काही उभ्या, दोन्ही बाजूंनी. एच करा, यूएसबी मायक्रोस्कोपखाली मोजा, आलेलं माप वजा फिल्मवरचं माप, भागिले दोन, झाला तुमचा अंडरकट. दोन तीन वेगवेगळ्या वेळांना काढून बघितलं तर मिनिटागणिक खाच किती रुंदावते हेही कळतं आणि ते पुढे फार उपयोगी पडतं. हे कूपन करायचा लोकांना कंटाळा येतो, सगळे थेट पार्टवर जातात, आणि मग तीन वेळा फिल्म बदलतात. कूपनला एक दुपार जाते पण त्या पत्र्याचं, त्या जाडीचं उत्तर कायमचं वहीत येतं.

अजून दोन गोष्टी ड्रॉइंगमध्येच करायच्या. एक म्हणजे चकतीच्या भोवतालचा सगळा पत्रा खायचा नाही, फक्त बाहेरच्या कडेभोवती ०.६ मिमीची नाली काढायची, मधल्या भोकालाही रिंग काढायची, आतला तुकडा आपोआप गळून पडतो. यात फेरिक वाचतं हे तर आहेच पण मुख्य म्हणजे सगळ्या नाल्या जवळपास सारख्या रुंदीच्या राहतात आणि सारख्या वेगाने खाल्ल्या जातात, मोठी उघडी जागा आणि बारीक खाच एकाच पार्टमध्ये असली की मोठी आधी फुटते आणि बारीक फुटेपर्यंत मोठीची कड बिघडते. दुसरं म्हणजे टॅब, चकती फ्रेमला धरून ठेवायला तीन ठिकाणी ०.३ मिमीचे टॅब ठेवायचे, नाहीतर पार्ट सुटून टाकीच्या तळाशी जातो आणि तिथं खाल्ला जात राहतो. टॅब कडेच्या जरा आत घेतला, म्हणजे कडेला छोटा खड्डा ठेवला, की तोडल्यावर उरलेला टोकाचा भाग बाहेर येत नाही. टॅब एका बाजूने अर्धा एच केला तर बोटाने दोनदा वाकवून सुटतो.

ड्रायफिल्म रेझिस्ट निगेटिव्ह असतो, लाइट लागलेला भाग राहतो. म्हणजे जिथं धातू हवाय तिथं फिल्म पारदर्शक, जिथं खायचंय तिथं काळी. खाचा काळ्या, नाली काळी. फिल्म कुठून काढायची? ६०० डीपीआयच्या लेझर प्रिंटरचा एक ठिपका ४२ मायक्रॉनचा होतो, आपलं टॉलरन्सच ५० मायक्रॉन आहे, तेव्हा ट्रान्सपरन्सीवर घरचा प्रिंट सरावापुरता ठीक. ऑफसेटवाल्यांच्या इमेजसेटरवर २४०० डीपीआय मिळतं, ठिपका साधारण १० मायक्रॉन, पीसीबीसाठी फिल्म प्लॉट करणाऱ्यांकडे त्याहून बारीक. ०.१८ मिमीच्या जाड पॉलिएस्टरवरच फिल्म मागा, पातळ फिल्म हातात घेतली तरी ताणली जाते. आणि इमल्शन, म्हणजे फिल्मवरचा काळा थर, कुठल्या बाजूला हे ऑर्डर देतानाच सांगायचं, इमल्शन रेझिस्टला टेकलं पाहिजे, नाहीतर मधल्या प्लॅस्टिकच्या जाडीतून लाइट तिरका शिरतो आणि कड धूसर होते. वरची फिल्म आणि खालची तिची आरशातली, दोन्हींची इमल्शन आतल्या बाजूला. ओळखायला ड्रॉइंगच्या कोपऱ्यात एखादं अक्षर टाकून ठेवा.

पावसाळ्यात एक गोष्ट सांभाळायची. पॉलिएस्टर फिल्म दमट हवेत वाढते, आर्द्रता एक टक्का वाढली की मीटरमागे साधारण १० मायक्रॉन, तापमान एक डिग्री वाढलं की साधारण १८. जून-जुलैमध्ये बाहेरून आणलेली फिल्म आणि एसी खोलीत वापरलेली फिल्म यात आर्द्रतेचा २० टक्के फरक सहज असतो, ३०० मिमी लांबीवर ते ६० मायक्रॉन झाले, म्हणजे आपलं सगळं टॉलरन्स तिथंच संपलं. ४० मिमीच्या चकतीला हा फरक ८ मायक्रॉनच पडतो, पण एका शीटवर बऱ्याच चकत्या मांडल्या की वरखालच्या फिल्मचं जुळणं बिघडू शकतं. दोन्ही फिल्म एकाच दिवशी एकाच मशिनवर काढा, आणि वापरायच्या खोलीत रात्रभर उघड्या ठेवा.

दोन फिल्म एकमेकींवर बसवणं म्हणजे रजिस्ट्रेशन. चारही कोपऱ्यांत फुलीचे मार्क टाकायचे, लाइट टेबलवर लूपखाली (डोळ्याला लावायच्या छोट्या भिंगाखाली) जुळवायचे, आणि दोन कडांना पत्र्याच्याच जाडीच्या पट्टीवर दोन्ही फिल्म टेप करायच्या, मग एक पाकीट तयार होतं आणि पत्रा त्यात सरकवायचा. पट्टी पत्र्याच्याच जाडीची का, तर नाहीतर फिल्म तिरकी ताणली जाते आणि वरच्या खाचेखाली खालची खाच येत नाही. २० ते ३० मायक्रॉनच्या आत जुळलं तर चाललं.

पत्रा

पत्रा शक्यतो रोलमधून सरळ केलेला, टेन्शन लेव्हल केलेला घ्या. मायक्रोमीटरने चार ठिकाणी मोजा, बाजारात ०.२ म्हणून दिलेला पत्रा ०.१८ निघतो आणि मग सगळे हिशोब बदलतात. रोल केलेल्या पत्र्यात ताण साठलेला असतो, एकाच बाजूने जास्त खाल्लं की तो गुंडाळी धरतो, दोन्ही बाजूंनी सारखं एच करायचं हे पण एक कारण आहे.

साफसफाईला कमी लेखू नका. आधी ॲसिटोन किंवा आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल), मग ओल्या बारीक स्कॉचब्राइटने किंवा प्युमिस पावडरने गोल गोल घासायचं, मग ५ टक्के सायट्रिक ॲसिडमध्ये अर्धा मिनिट, मग पाणी. तपासायची पद्धत सोपी आहे, पत्रा ओला उभा धरा, पाण्याचा पडदा अख्खा राहिला पाहिजे, कुठं थेंब थेंब होऊन फाटला तर तिथं तेल आहे, परत घासा. बोअरचं जड पाणी असेल तर शेवटचं धुणं डीएम वॉटरने (क्षार काढलेल्या पाण्याने) करा, कारण वाळल्यावर राहिलेला पांढरा डाग रेझिस्टला नीट धरू देत नाही. हातमोजे घालून कडेनेच पकडायचा, ६० डिग्रीच्या ओव्हनमध्ये पाच मिनिटं वाळवायचा आणि लगेच लॅमिनेट करायचा. घासून ठेवलेलं पितळ दोन तासांत काळवंडायला लागतं.

रेझिस्ट, लाइट, डेव्हलप

ड्रायफिल्म निळी किंवा हिरवट असते, ३० ते ४० मायक्रॉन जाड, दोन प्लॅस्टिकच्या मध्ये सँडविच केलेली. आतलं मऊ प्लॅस्टिक काढून ती बाजू पत्र्याला लावायची, बाहेरचं कडक प्लॅस्टिक लाइट देईपर्यंत तसंच ठेवायचं. कोणतं प्लॅस्टिक कोणतं ते कळायला दोन्ही बाजूंना टेपचे तुकडे लावून ओढायचं, गुंडाळीच्या आतल्या बाजूचं मऊ असतं. खोलीतली ट्यूब बंद, पिवळा बल्ब चालू, ट्यूबवर पिवळा जिलेटिन पेपर गुंडाळला तरी चालतं. ऑफिसचा पाउच लॅमिनेटर चालतो पण त्याचं रोलर १०० ते ११० डिग्रीला पोचतं का बघा, एका कडेने सुरू करून हवा बाहेर ढकलत दोन्ही बाजूंना एकदमच, दोनदा फिरवा. बुडबुडा दिसला तर तो फोडून काही होत नाही, तिथून फेरिक शिरणारच, म्हणून ती जागा पार्टमध्ये येत असेल तर फिल्म काढून पुन्हा लावा. लॅमिनेट झाल्यावर पंधरा मिनिटं थंड होऊ द्या.

लाइटसाठी ३६५ ते ४०५ नॅनोमीटरचं काहीही चालतं, यूव्ही ट्यूबचं खोकं, यूव्ही एलईडीची पट्टी. फिल्म पत्र्याला घट्ट टेकली पाहिजे, व्हॅक्यूम फ्रेम असेल तर उत्तम, नसेल तर दोन काचा आणि क्लॅम्प. वेळ किती? इथं कोणाचा आकडा घेऊ नका, प्रत्येकाचा लाइट वेगळा. २१ पायऱ्यांची स्टेप वेज, म्हणजे पायरीगणिक गडद होत जाणारी फिल्मची पट्टी, मिळते, ती ठेवून लाइट द्यायचा आणि डेव्हलप केल्यावर सातवी आठवी पायरी शाबूत राहिली की बरोबर. ती नसेल तर कार्डबोर्ड पुढे सरकवत एकाच पट्टीला १०, २०, ३०, ४० सेकंद असे वेगवेगळे द्या आणि बघा. कमी लाइट पडला तर डेव्हलपमध्ये थर मऊ होऊन कडा निघतात, जास्त पडला तर काळ्या रेघांच्या खालीही थर कडक होतो आणि ०.६४ ची खाच ०.६० होते. दोन्ही बाजूंना अगदी सारखा वेळ. नंतर पुन्हा पंधरा मिनिटं थांबायचं.

डेव्हलपरला धुण्याचा सोडा, खाण्याचा नाही. एक लिटर पाण्यात १० ग्रॅम सोडा ॲश, पण खड्यांचा सोडा असेल तर त्यात निम्म्याहून जास्त पाणीच असतं म्हणून २७ ग्रॅम घ्यायचा. ३० डिग्रीच्या आसपास, मऊ ब्रशने हलकं फिरवत दीड दोन मिनिटं. निळा थर विरघळून धातू दिसायला लागतो तो क्षण साधारण एकूण वेळेच्या अर्ध्यावर यायला हवा, म्हणजे ५० सेकंदात धातू दिसला तर अजून तेवढाच वेळ ठेवून बाहेर काढा. मग भरपूर पाणी. आता १० एक्सच्या लूपखाली एकेक खाच बघायची, खाचेच्या तळाशी निळसर धुरकट पडदा राहिला असेल तर तिथं फेरिक उशिरा सुरू होईल आणि ती खाच बारीक राहील. थरात टाचणीएवढं भोक असेल तर ते नेलपेंटने किंवा पेंट मार्करने बुजवा. पत्र्याच्या चारही कडांना टेप. हे बघायला दहा मिनिटं लागतात, यात घाई केली की पुढचं सगळं वाया.

फेरिक

फेरिक क्लोराइड पुण्यात बुधवार पेठेत, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सहज मिळतं, पिवळसर ढेकळं किंवा तयार लिक्विड. तयार लिक्विड घेणं सगळ्यात बरं, ४२ बोमे (घनता सांगायचं एक माप) म्हणजे घनता १.४१ च्या आसपास. ढेकळांपासून करायचं तर एक लिटर बनवायला साधारण ९३० ग्रॅम ढेकळं आणि ४७० मिली पाणी, हायड्रोमीटरने १.३८ ते १.४२ च्या मध्ये आणायचं. काळी कोरडी पावडर, म्हणजे पाणी नसलेलं फेरिक, घेत असाल तर फार जपून, ती पाण्यात जबरदस्त तापते आणि धूर येतो, पावडर पाण्यात थोडी थोडी टाकायची, पावडरवर पाणी कधीही ओतायचं नाही.

टाकी प्लॅस्टिकची, पीपी किंवा एचडीपीई. स्टीलचं भांडं, स्टीलचा चिमटा, स्टीलचा हुक काहीही नको, फेरिक त्यांनाही खातं. ४० ते ४५ डिग्री ठेवायचं, काचेचा ॲक्वेरियम हीटर बहुतेक ३४ च्या वर जात नाही म्हणून टाकी गरम पाण्याच्या मोठ्या टबात ठेवणं सोपं पडतं. तळाशी भोकं पाडलेली नळी आणि ॲक्वेरियमचा एअर पंप, बुडबुडे दोन्ही बाजूंनी वर यायला हवेत. पत्रा उभा टांगायचा आणि दर दोन मिनिटांनी उलटा, मग बाजू बदलून, म्हणजे वरची कड खाली, डावी उजवीकडे. बुडबुडे कुठंच एकसारखे नसतात, ही फिरवाफिरव केली नाही तर एका कडेच्या खाचा ०.८५ आणि दुसऱ्या कडेच्या ०.७५ येतात. स्प्रे मशिन बनवता आलं तर बनवाच, प्लॅस्टिकचा पंप आणि नोझल, वेग दुप्पट होतो आणि अंडरकट कमी होतो कारण ताजं फेरिक सरळ खाचेच्या तळाशी पोचतं.

गॉगल, नायट्राइल ग्लोव्ह्ज, एप्रन हे सांगायलाच नको. डाग शहाबादी फरशीवरून जात नाही. आणि ही टाकी लेथ, व्हर्नियर, टॅप डायच्या खोलीत ठेवू नका, नुसत्या वाफेने आठवड्यात सगळं गंजतं.

०.२ पितळ बुडबुड्यांच्या टाकीत साधारण १० ते २० मिनिटांत आरपार होतं. पहिली खाच फुटली, उजेडाकडे धरल्यावर दिसायला लागली, की खरं लक्ष तिथून द्यायचं. दोन्ही बाजूंचे खड्डे मधे भेटतात तेव्हा भिंतीच्या मधोमध एक टोकदार कड राहते, ती खाऊन सरळ व्हायला अजून थोडा वेळ लागतो, पण त्याच वेळात खाच रुंदावतही असते. म्हणून फुटल्यावर दर अर्ध्या मिनिटाने काढायचं, धुवायचं, ०.८ चा पिन गेज (नेमक्या व्यासाची मोजायची पिन) किंवा ड्रिलचा मागचा भाग घालून बघायचं. ०.७७ ला थांबलं तर परत टाकता येतं, ०.८५ झालं की संपलं. कूपनवर काढलेला मिनिटागणिक वाढीचा आकडा इथं हाताशी ठेवा.

किती पत्रे निघतात? १०० बाय १०० मिमीचा ०.२ चा पितळेचा पत्रा १७ ग्रॅमचा, त्यातलं २० टक्के खाल्लं तर साडेतीन ग्रॅमच्या आत. एक लिटर फेरिक कागदावर शंभर ग्रॅमपेक्षा जास्त तांबं खाऊ शकतं पण ५० च्या पुढे वेग इतका पडतो की माप धरता येत नाही. म्हणजे दहा पंधरा पत्रे. प्रत्येक पत्र्याची वेळ वहीत लिहीत गेलात तर द्रावण कधी थकायला लागलं ते आपोआप दिसतं, रंग पिवळट तपकिरीवरून काळपट हिरवा होतो.

टाकीतून काढल्यावर पाणी, मग पुन्हा ५ टक्के सायट्रिक, मग पाणी. थेट पाण्यातच ठेवलं तर लोखंडाचा तांबूस थर बसतो. मग ३ टक्के कॉस्टिक सोडा, ४५ ते ५० डिग्री, रेझिस्टची साल सुटून तरंगायला लागते, ती कापडातून गाळून वेगळी ठेवा, सिंकमध्ये सोडू नका, पाइप तुंबतो. कॉस्टिकचा एक थेंब डोळ्यात गेला तर फेरिकपेक्षा वाईट, गॉगल अजून काढायचा नाही. टॅब तोडा, १००० नंबरच्या पेपरवर टॅबची जागा दोनदा ओढा, झाली चकती. मोजा, वहीत लिहा, फिल्मवरचा ऑफसेट सुधारायचा असेल तर आत्ताच सुधारा.

वापरलेलं फेरिक

याबद्दल मला फार कळकळीने सांगायचंय. वापरलेल्या फेरिकमध्ये तांबं आणि जस्त विरघळलेलं असतं, तांब्याचे क्षार माशांना अगदी थोड्या प्रमाणातही मारतात, आणि एमआयडीसीच्या कडेचे ओढे कशाने रंगतात ते आपण सगळे बघतो. पाणी मारून पातळ करून गटारात सोडणं म्हणजे विल्हेवाट नाही. प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये साठवायचं, वर तारीख आणि काय आहे ते लिहायचं, झाकण थोडं सैल. तांबं काढून घ्यायचं असेल तर त्यात लोखंडाचा चुरा टाकून ठेवा, लोखंड विरघळतं आणि तांबं लालसर गाळ होऊन खाली बसतं. मग चुन्याने पीएच ८ ते ९ वर आणला की उरलेले धातू हायड्रॉक्साइडचा गाळ होऊन बसतात, गाळ वाळवून वेगळा ठेवायचा, वरच्या पाण्याचा पीएच तपासायचा. हा गाळ घातक कचरा आहे, तो महापालिकेच्या कचऱ्यात जात नाही. छंदापुरतं करणाऱ्याने जवळच्या पीसीबी किंवा प्लेटिंगवाल्याला विचारावं, त्यांचा घातक कचरा उचलायची व्यवस्था असते. धंदा म्हणून करायचं तर एमपीसीबीचं (महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं) कन्सेंट आधी, आणि गाळ तळोजा, रांजणगाव, बुटीबोरीसारख्या ठिकाणच्या अधिकृत केंद्रात पाठवायचा. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि हायड्रोक्लोरिक टाकून फेरिक पुन्हा ताजं करायच्या कृती बऱ्याच ठिकाणी लिहिलेल्या असतात, त्यात क्लोरीन सुटू शकतो, बंद खोलीत तर अजिबात करू नका.

दुसरे धातू

तांबं आणि फॉस्फर ब्राँझ याच पद्धतीने जातात, चपट्या स्प्रिंगसाठी फॉस्फर ब्राँझ फार छान, कारण एचिंगने टेम्पर बिघडत नाही. स्टेनलेस ३०४ फेरिकमध्ये जातं पण हळू, ५० डिग्रीपर्यंत आणि थोडं हायड्रोक्लोरिक घालून, तेव्हा एग्झॉस्ट पंखा लागतोच, आणि त्या द्रावणात निकेल आणि क्रोमियम येतं म्हणून ते पितळेच्या फेरिकमध्ये कधी मिसळू नका, कॅन वेगळा ठेवा. अंडरकटचा आकडाही वेगळा, कूपन पुन्हा. ॲल्युमिनियमवर फेरिक इतकं तापतं की रेझिस्ट उचलला जातो, शिकताना त्याच्या वाट्याला जाऊ नका. टायटॅनियमला हायड्रोफ्लोरिक ॲसिड लागतं, ते कातडीतून आत जाऊन हाडापर्यंत पोचतं आणि जीव घेतं, छोट्या वर्कशॉपमध्ये ते आणायचंच नाही.

०.५ मिमीच्या वरचं काम, शेकडो नग, किंवा ०.०२५ चं टॉलरन्स असेल तर एचिंगचं जॉबवर्क करणाऱ्या युनिटला द्या. त्यांना ड्रॉइंग देताना तयार पार्टची मापं द्यायची, तुमचा ऑफसेट लावलेली फाइल नाही, कारण ते त्यांच्या मशिनचा ऑफसेट लावणार. सोबत धातूचा ग्रेड आणि टेम्पर, जाडी, कुठली मापं खरंच महत्त्वाची आणि कुठली सैल चालतील, आणि टॅब कुठल्या कडेला चालणार नाहीत, एवढं लिहिलं की त्यांचे परत फोन येत नाहीत.